चार भिंती आणि खालची जमीन

"बदलापूरला एक घेऊन ठेवलाय."

मुंबईतल्या मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. त्यात 'फ्लॅट' हा शब्द उच्चारायचीही गरज नसते. घेऊन 'ठेवलाय' म्हणजे राहायला जायचं नाही, निदान इतक्यात तरी नाही. सोनं घेऊन ठेवावं तसा तो घेऊन ठेवलेला असतो. पुढेमागे मुलाला होईल, निवृत्तीनंतर आपल्याला होईल, नाहीच काही तर भाव तरी वाढेल!

मला मात्र हे वाक्य ऐकलं की प्रश्न पडतो... घेऊन ठेवलं म्हणजे नेमकं काय घेतलं? भिंती? जमीन? की नुसता एक करारनामा? प्रश्न वकिली वाटेल. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी गावांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या एकाच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात. म्हणून हा प्रपंच.

आधी भूगोल. कल्याणहून खोपोलीच्या दिशेने रेल्वे गेली १८५६ साली, म्हणजे देशात पहिली आगगाडी धावली त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. मुंबईच्या सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. घोडे बदलायचं ठिकाण म्हणून बदलापूर हे नाव पडलं, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण मुंबईहून निघालेला माणूस पुढच्या प्रवासासाठी जिथे थांबतो ते हे गाव, एवढं तर आजही खरं आहे.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणून ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, पण सवय गेली नाही. तिथला पत्ता आजही 'कॅम्प नंबर' विचारूनच सांगितला जातो.

या माणसांनी घरं विकत घेतली नव्हती, ती त्यांच्या वाट्याला आली होती. मागे हैदराबाद-सिंध, कराची, शिकारपूरला घरंदारं टाकून आलेले लोक एका लांबलचक बराकीत पडदे लावून संसार करत होते. पुढे १९५४ साली केंद्राने विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. तिकडे सोडलेल्या मालमत्तेचा दावा आणि इकडे ताब्यात असलेली जागा यांचा हिशेब लागू लागला, आणि लोकांच्या हातात सनद येऊ लागली. आपल्याकडे शेतकऱ्याला सातबाऱ्याचं जे मोल, तेच उल्हासनगरात सनदेचं!

तेव्हा उल्हासनगरात क्रम असा लागला : आधी माणसं आली, मग छप्पर मिळालं, मग कागद आला. कागदाआधी राहायची सवय त्या शहराला जन्मापासूनच लागली. त्यात दोष कुणाचा? ज्याचं सगळं गेलं आहे तो नकाशा मंजूर होण्याची वाट बघत उघड्यावर कसा बसेल? पण बराकीच्या जागी दुकान, दुकानावर माडी, माडीवर मजले असं करता करता नव्वदच्या दशकात चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकांना परवानगीच नव्हती. बराकीत राहणं ही नड होती, पण हे फ्लॅट रोख पैसे घेऊन विकलेले होते. नडीची सवय धंद्याच्या कामी आली, असं म्हणायला हरकत नाही.

२००३ साली हे प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ८५५ बेकायदा इमारती असा आकडा पुढे आला आणि २००५ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. शहरात हलकल्लोळ माजला. हजारो कुटुंबं रस्त्यावर येणार म्हटल्यावर राज्य सरकारने २००६ मध्ये केवळ उल्हासनगरसाठी वेगळा कायदा केला. दंड भरा आणि इमारत नियमित करून घ्या! एका शहरासाठी असा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच दुखणं किती खोल गेलं होतं ते कळतं. उल्हासनगरची गोष्ट इथे अर्धी सोडतो, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

अंबरनाथची तऱ्हा वेगळी. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, त्यावरच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० असा उल्लेख आहे. या तिन्ही गावांत कागदोपत्री (की दगडोपत्री?) तारीख असलेली इतकी जुनी वास्तू दुसरी मला माहीत नाही. पण आजचं अंबरनाथ घडवलं ते कारखान्यांनी. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावरची विमको ही काडेपेट्यांची कंपनी आली. स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे तिचीही वसाहत झाली.

कारखान्याबरोबर क्वार्टर्स आल्या. क्वार्टर म्हणजे घर आपलं, पण नोकरी आहे तोवरच. निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंडाचा चेक घ्यायचा आणि किल्ली परत करायची. तीस वर्षं ज्या अंगणात तुळस लावली ते अंगण सोडायचं, पण मुलांच्या शाळा, बायकोच्या मैत्रिणी, भाजीवाला सगळं याच गावात. मग जवळपासच एखादी सोसायटी बघायची. अंबरनाथमध्ये घर घेतलं जायचं ते असं. भाव वाढेल म्हणून नव्हे, गाव सुटू नये म्हणून. चार ओळखीची माणसं एकत्र येऊन जमीन घ्यायची, सोसायटी नोंदवायची, वर्गणी काढून बांधायची हा शिरस्ता मुंबईत गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून, म्हणजे १९१५ पासून चालत आलेला होता. त्यात एक गोष्ट पक्की असायची : जमीन आधी सोसायटीच्या नावावर, मग भिंती.

हा क्रम उलटा झाला तो बिल्डर आल्यावर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईत भाडी गोठली आणि भाड्यासाठी चाळी बांधणं परवडेनासं झालं. मग बांधून विकायचा धंदा सुरू झाला. जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, घर तिसऱ्याला. फसवणुकी इतक्या वाढल्या की महाराष्ट्राने १९६३ साली मालकी फ्लॅटचा कायदा, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात, तो केला. किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी करारनामा नोंदवलाच पाहिजे, आणि सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून दिली पाहिजे, असं त्यात बजावलं. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात.

जगात इतरत्रही त्याच सुमारास हाच गुंता सुटत होता. अमेरिकेत ज्याला काँडो म्हणतात त्या पद्धतीचा कायदा प्वेर्तो रिकोत १९५८ साली आणि युटा राज्यात १९६० साली झाला. तिथे फ्लॅट तुमचा आणि त्याबरोबर खालच्या जमिनीतला न वाटलेला हिस्साही तुमच्याच नावाचा. आपणही १९७० साली तशा धर्तीचा अपार्टमेंट कायदा केला, पण आपल्याकडे रूढ झाली ती सोसायटीच. म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आल्याशिवाय तुमचा हिस्सा नाही. आणि ती यायची कशी, तर बिल्डरने सही केली तर!

आता बदलापूर. इथे ना छावणी, ना मोठा कारखाना. होती ती भातशेती, उल्हास नदी आणि रेल्वे. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात गेले, आणि १९९२ साली पुन्हा बाहेर पडून दोघांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? १९८२ चा गिरणी संप होऊन गेला होता. लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन भावांचे संसार मावेनासे झाले होते. १९७७ मध्ये एचडीएफसी निघाली आणि पगारदार माणसाला घरासाठी कर्ज मिळतं हे लोकांना कळलं. २००१ च्या अर्थसंकल्पाने गृहकर्जाच्या वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या व्याजावर करसवलत दिली. डोंबिवली भरली, कल्याण भरलं, आणि गाडी पुढे सरकली.

जनगणनेचे आकडे बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उल्हासनगर सुमारे ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेलं. अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून २ लाख ५३ हजारांवर. आणि बदलापूर? ९८ हजारांवरून थेट १ लाख ७४ हजारांवर! उल्हासनगर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बदलापुरात सातबारे होते, बिनशेती होऊ शकणारी जमीन होती आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' अशी जाहिरात होती. (ही पाच मिनिटं कोणत्या वाहनाने, हे विचारायचं नसतं.)

घेऊन ठेवणारे आले ते इथे. त्यांचा हिशेब मला कधी नीट पटला नाही. समजा फ्लॅट ३० लाखांचा आणि भाडं महिना ७ हजार. वर्षाचे झाले ८४ हजार, म्हणजे तीन टक्केही नाहीत. त्यातून मेन्टेनन्स, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा करा. बँकेत निमूट ठेव ठेवली असती तरी जास्त मिळालं असतं. तेव्हा सगळी भिस्त भाववाढीवर. पण भाव कशाचा वाढतो? भिंतींचा नाही, त्या दरवर्षी जुन्याच होतात. गळती लागते, प्लास्टर पडतं, लिफ्ट कुरकुरते. वाढतो तो जमिनीचा भाव. आणि जमीन जर तुमच्या सोसायटीच्या नावावरच नसेल, तर जे वाढतंय ते दुसऱ्याचं आणि जे झिजतंय ते तुमचं!

शिवाय जमीन म्हणजे नुसती मालकी नव्हे, तिचा स्वभावही आला. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच पावसात पश्चिमेच्या बॅरेज रोड, हेंद्रेपाडा भागातल्या इमारतींच्या तळमजल्यांत पाणी होतं. नकाशावरची पूररेषा कुणी दाखवत नाही, ती विचारावी लागते. नदी मात्र विसरत नाही.

आता उल्हासनगरची राहिलेली अर्धी गोष्ट. २००६ च्या कायद्याचा फायदा फारच थोड्या इमारतींनी घेतला. बाकीच्या तशाच उभ्या राहिल्या. १५ मे २०२१ रोजी कॅम्प एकमधल्या एका इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळले, पाच माणसं गेली. २८ मे रोजी नेहरू चौकाजवळच्या दुसऱ्या इमारतीत तेच झालं, सात माणसं गेली. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे वय तिशीच्या आत. ज्या वयात गृहकर्ज फिटतं त्या वयात घरच पडलं.

माणसं गेली त्याला तर तोड नाही. पण जी वाचली त्यांच्यापुढे काय उरलं? भिंती गेल्या, खाली जमीन राहिली. आणि मग प्रश्न आला की ती कुणाच्या नावावर आहे, नकाशा मंजूर होता का, नवी इमारत बांधायची तर परवानगी कुणी आणि कशाच्या आधारे मागायची. वीस-पंचवीस वर्षं जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो ढिगाऱ्यावर उभं राहून विचारावा लागला. ज्या सनदेसाठी आजोबांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, तिचं मोल नातवाला असं कळलं.

कायदे पुढे सुधारले, हे खरं. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने थेट जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घ्यावी, अशी मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ च्या दुरुस्तीने झाली. १ मे २०१७ पासून महारेरा आलं. आता ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावं लागतं. पण कायदा हक्क देतो, तो मागायला आपणच जावं लागतं. आणि आपल्या सोसायट्यांच्या सभा बहुधा पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर संपतात, जमिनीचा विषय 'पुढच्या वेळी' वर जातो.

तेव्हा मंडळी, कुणी "एक घेऊन ठेवलाय" म्हणालं तर भाव काय चाललाय हे जरूर विचारा, पण त्यासोबत तीन गोष्टी आणखी विचारा. भोगवटा दाखला आहे का? कन्व्हेयन्स झालं का? पूररेषा कुठे आहे? उत्तरं आली तर अभिनंदन करा. नाही आली तर अजून वेळ गेलेली नाही, एवढं सांगा.

बराकीतल्या निर्वासिताला छप्पर मिळालं आणि कागदासाठी तो वर्षानुवर्षं झगडला, कारण सगळं गमावल्यावर कागदाची किंमत त्याला कळली होती. आपल्याला ती काही न गमावता कळायला काय हरकत आहे?