काळ्या मातीतून उत्तरेच्या बर्फात: डॉ. कोटणीस आणि दोन खिडक्यांचा कॅमेरा

१/ सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभे राहिले की शहर सात दिशांना वाटले जाताना दिसते. याच शहरातून निघालेली एक वाट मात्र कोणत्याही पाटीवर लिहिलेली नाही. मुंबई बंदर, कँटन, हांकौ, छोंगछिंग, येनान असे टप्पे घेत ती उत्तर चीनच्या डोंगरांत संपते. त्या वाटेने गेलेल्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांचे नाव सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही; भैय्या चौकातील त्यांचे घर आज स्मारक आहे. परंतु त्या दूरच्या भूमीची, तेथील युद्धाची आणि माणसांची छायाचित्रे कोणी टिपली, कोणत्या साधनाने टिपली आणि त्यासाठी काय मोल मोजले, हे फारसे ठाऊक नाही. हा धागा त्याविषयी.

२/ कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. ते वाढले ते गिरण्यांच्या भोंग्यांचे सोलापूर. मे १९३०मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन फासावर गेले. तेव्हा कोटणीस विशीत होते. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. परकीय सत्ता म्हणजे काय असते, हे या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

३/ १९३७मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभारला आणि पाच डॉक्टरांचे पथक निश्चित झाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीसांचे वय होते २७.

४/ फेब्रुवारी १९३९मध्ये पथक येनानला पोहोचले. सोलापूरची माती काळी, कपाशीची. येथे सारा मुलूख पिवळ्या मातीचा. वाऱ्याने हजारो वर्षे वाहून आणलेल्या त्या मातीचे थर कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जाड आहेत. त्यात कोरलेल्या गुहा म्हणजेच घरे, शाळा आणि रुग्णालये. त्याच वर्षाच्या अखेरीस कोटणीस व बसू आणखी पूर्वेला, वुताई पर्वताच्या परिसराकडे निघाले. उत्तर चीनमधील हे सर्वांत उंच शिखर सुमारे ३०६० मीटरचे. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या सोलापूरच्या माणसाला तेथील हिवाळा म्हणजे वेगळेच जग होते.

५/ या भूमीत छायाचित्रण कसे शक्य झाले? एकोणिसाव्या शतकात प्रवासी छायाचित्रकार काचेच्या पट्ट्या, तिकाटणे, रसायनांच्या बाटल्या आणि ते सारे वाहणारे हमाल घेऊन फिरत. शत्रूच्या वेढ्यातून रात्री डोंगर ओलांडणाऱ्या सैन्यात असा लवाजमा चालला नसता. बदल घडला तो १९२५मध्ये बाजारात आलेल्या लायका या जर्मन कॅमेऱ्याने. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा हा कॅमेरा कोटाच्या खिशात मावे आणि एका रिळावर ३६ चित्रे येत. १९३२मध्ये त्यात रेंजफाइंडर जोडला गेला.

६/ रेंजफाइंडरचे तत्त्व सोपे आहे. कॅमेऱ्याच्या कपाळावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. समोरची वस्तू दोन्हींतून किंचित वेगळ्या कोनातून दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याला तिच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवत गेले की त्या जवळ येतात. एकमेकींवर तंतोतंत बसल्या की अंतर अचूक जुळले. आत उघडझाप करणारा आरसा नसल्याने आवाज अत्यल्प होतो आणि ज्या क्षणी चित्र घेतले जाते त्या क्षणीही डोळ्यापुढे अंधार येत नाही. माणूस आणि प्रसंग दोन्ही वेगाने हलत असतील तेथे हे साधन उपयोगी ठरले.

७/ असा छोटा कॅमेरा घेऊन १९३७मध्ये आठव्या रूट आर्मीत दाखल झालेले एक नाव म्हणजे शा फेई. जन्म १९१२चा, कँटन शहरातला. मूळ नाव सितू छुआन. व्यवसायाने तारायंत्र चालक. ऑक्टोबर १९३६मध्ये थोर लेखक लू शुन यांची अखेरच्या दिवसांतील छायाचित्रे त्यांनी काढली आणि त्यातून ते प्रसिद्धीस आले. ‘शा फेई’ या त्यांनी घेतलेल्या नावाचा अर्थ उडणारा वाळूकण असा होतो. वयाने ते कोटणीसांहून दोन वर्षांनी लहान.

८/ शा फेई यांची सर्वाधिक गाजलेली चित्रे चीनच्या जुन्या भिंतीवरची आहेत. ओसाड डोंगररांगा, त्यांवरून वळत गेलेली पडकी तटबंदी आणि तिच्या आडोशाला बंदुका रोखून बसलेले सैनिक. यात निसर्गाचे काम केवळ पार्श्वभूमीचे नाही. शतकांपूर्वी उत्तरेकडील आक्रमण रोखण्यासाठी बांधलेली भिंत पुन्हा तेच काम करीत आहे, हे वाक्य छायाचित्र एका नजरेत सांगते. सह्याद्रीतील गडाच्या बुरुजावर असा सैनिक उभा केला तर मराठी वाचकाला जे जाणवेल, तेच चिनी वाचकाला जाणवत असे. म्हणूनच अभ्यासकाने येथे थोडे थांबावे: छायाचित्र पुरावा असते, आणि त्याच वेळी ते कोणीतरी काही म्हणण्यासाठी रचलेले असते.

९/ याच प्रदेशात १९३८पासून कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून काम करीत होते. त्यांना स्वतःला छायाचित्रणाची आवड होती. शा फेई यांच्याशी त्यांची मैत्री जमली. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हेबेई प्रांतातील तांग परगण्यात बेथून वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपला कॅमेरा शा फेई यांना द्यावा असे लिहिले होते. कोटणीस त्या भागात पोहोचण्यापूर्वीच बेथून गेले. त्यांचा कॅमेरा छायाचित्रकाराकडे आला आणि त्यांचे काम लवकरच सोलापूरच्या डॉक्टरकडे.

१०/ बेथून यांच्या नावे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१मध्ये कोटणीसांकडे आले. ‘रुग्णालय’ म्हणजे अनेकदा शेतकऱ्याचे घर किंवा देऊळ. शत्रू जवळ आला की सामान खेचरांवर लादून पुढच्या खेड्यात जायचे. कोटणीस चिनी बोलू लागले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्या नावाचे ‘को ती-हुआ’ हे चिनी रूप रूढ झाले; त्यातील ‘हुआ’ म्हणजे चीन. नोव्हेंबर १९४१मध्ये त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’: भारत आणि चीन.

११/ त्याच उन्हाळ्यात, ७ जुलै १९४२ रोजी, शा फेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिन-चा-जी’ सचित्र नियतकालिकाचा पहिला अंक काढला. शान्सी, चाहार आणि हेबेई या तीन प्रांतांच्या संक्षिप्त नावांवरून हे नाव बनले. वीज नसलेल्या डोंगरी खेड्यात फिल्म धुणे, चित्रे छापणे आणि ठसे बनवणे असा हा उद्योग होता. खेचरावर लादता येईल असे हलके छपाईयंत्रही या मंडळींनी तयार केले. थंडीत फिल्म ठिसूळ होऊन तुटते, ओल्या निगेटिव्हवरचे पाणी गोठते. कागद आणि रसायने शत्रूच्या नाकेबंदीतून चोरून आणावी लागतात. आज एका बोटाने पुढे सरकवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रामागे एवढा खटाटोप होता.

१२/ कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग परगण्यातील कगोंग खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बेथून ज्या परगण्यात गेले, त्याच परगण्यात कोटणीसही गेले.

१३/ एका वर्षाने, डिसेंबर १९४३मध्ये, जपानी तुकड्यांनी नियतकालिकाच्या मंडळींना डोंगरात गाठले. निगेटिव्ह पाठीवर घेऊन छायाचित्रकार आणि छपाई कामगार धावले. अनेक सहकारी मारले गेले. शा फेई यांच्या पायांतील पादत्राणे गेली आणि बर्फातून अनवाणी धावल्याने त्यांचे पाय हिमदाहाने निकामी होण्याच्या बेतात आले. निगेटिव्ह वाचल्या. त्या प्रदेशाची युद्धकालीन चित्रे आज पाहता येतात ती या धावण्यामुळे.

१४/ इकडे भारतात कोटणीसांची प्रतिमा वेगळ्या मार्गाने घडत होती. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी आणि छिंगलान यांची जयश्री यांनी केली. दोन-तीन पिढ्यांच्या मनातला ‘कोटणीसांचा चीन’ हा मुंबईत उभारलेला चीन होता. त्या चित्रपटाने नाव घरोघरी नेले, हे त्याचे ऋण मोठेच. परंतु चित्रपटातील दृश्य आणि हेबेईच्या डोंगरात टिपलेले छायाचित्र यांत फरक करणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली जबाबदारी होय.

१५/ शा फेई यांचा शेवट दुःखद आहे. क्षय आणि ढासळलेले मानसिक आरोग्य यांमुळे ते शिजियाझुआंग येथील रुग्णालयात दाखल होते. डिसेंबर १९४९मध्ये तेथे त्यांनी आपल्यावर उपचार करणाऱ्या एका जपानी डॉक्टरची गोळी झाडून हत्या केली. मार्च १९५०मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ते रुग्णालय बेथून यांच्या नावाचे. ज्या संस्थेचे कोटणीस कधीकाळी संचालक होते, तिचाच पुढचा अवतार. १९८६मध्ये सैनिकी न्यायालयाने, कृत्याच्या वेळी ते मनोरुग्ण होते असे मान्य करून, मूळ निर्णय रद्द केला. मधली छत्तीस वर्षे त्यांची चित्रे होती आणि त्यांच्या नावावर मौन होते. मारल्या गेलेल्या डॉक्टरचे दुःखही याच इतिहासात मोजावे लागते.

१६/ रेंजफाइंडर संपला नाही. २००४मध्ये एप्सन आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आला. त्यात चित्र घेण्यापूर्वी फिल्म कॅमेऱ्यासारखी कळ ओढावी लागे. २००६मध्ये लायका एम८ आणि २००९मध्ये एम९ आले. आज हे कॅमेरे जुने झाले आहेत. तरी स्पिती किंवा लडाखच्या बर्फात एखादा प्रवासी असा जुना कॅमेरा घेऊन उभा राहतो, तेव्हा दोन प्रतिमा एकमेकींवर बसवण्याची तीच जुनी क्रिया करतो. फिल्म तुटण्याऐवजी आता थंडीत बॅटरी लवकर उतरते, एवढाच फरक. काढलेले चित्र पाठीमागच्या पडद्यावर लगेच दिसते. शा फेई यांना मात्र रीळ धुतले जाईपर्यंत, आणि रीळ शत्रूच्या हाती न लागल्यासच, ते दिसणार होते.

१७/ समाजमाध्यमांवर कोटणीसांचे म्हणून एखादे चित्र समोर आले की चार प्रश्न विचारावेत. हे चित्रपटातले आहे की युद्धभूमीवरचे? कोणी काढले? केव्हा आणि कोठे? निगेटिव्ह कोणी जपली? चौथा प्रश्न सहसा विसरला जातो.

१८/ कोटणीस आज शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत विसावले आहेत. त्यांची आणि बेथून यांची स्मारके एकाच आवारात आहेत. सोलापूरचे घर आणि ती समाधी यांच्यामध्ये हजारो किलोमीटर आहेत. हे अंतर ओलांडून कोटणीसांचा तो मुलूख सात रस्त्यापाशी उभ्या असलेल्या तरुणाच्या हातातल्या पडद्यावर उमटतो, कारण एका हिवाळ्यात काही माणसे स्वतःच्या पायांपेक्षा पाठीवरची पेटी सांभाळत बर्फातून धावली होती.