काम मागणाऱ्यांचा इतिहास

गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचा सुगीच्या धान्यात वाटा ठरलेला असे. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचा जाच पुष्कळ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरी खळ्यावर येऊन मागितलेले बलुते ही केलेल्या कामाची मजुरी होती, हेही खरे. त्याच गावात एखादा आंधळा, एखादा पांगळाही राहत असे. धान्य त्यालाही मिळे, पण ते देवळाच्या पायरीवर, पसाभर, देणाऱ्याच्या मनाला येईल तेव्हा. गाव त्याला उपाशी मारीत नसे. मात्र त्याच्याकडून काही मागतही नसे. ज्याच्याकडून समाज काहीच मागत नाही, त्याची गणना समाज आपल्यात करीत नाही. पोट भरूनही हा माणूस हिशेबाबाहेर राही तो यामुळेच.

अपंगांना काम मिळावे म्हणून झटलेल्या माणसांचा इतिहास हा या हिशेबात शिरण्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात तो सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याची सर्वांत अलीकडची पायरी आमच्या खानदेशात, जळगाव शहरात येऊन ठेपली आहे. या काळात समाजाने चार प्रश्न विचारले आणि एकेका पिढीला त्यांतील एकेकाचे उत्तर द्यावे लागले. यांना काम जमेल काय? जमले तरी देणार कोण? कुणी का द्यावे? आणि दिले, तर ते पेलण्याची तयारी कोण करून घेणार? या चार प्रश्नांच्या दोऱ्यात ही हकीकत ओवता येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुष्काळाने आणि युद्धाने द्यायला लावले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड या बाईंनी १९०० साली अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. पुढे पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून हिंदी शिपाई परतू लागले, तेव्हा त्यांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली व काही वर्षांनी ती पुण्याजवळ खडकीला गेली. शिपायाला भीक मागू देणे सरकारला शोभणारे नव्हते. एक पाय गमावलेला माणूस यंत्रापाशी बसून पुऱ्या दिवसाचे काम करू शकतो, ही गोष्ट तेथे रोजच्या सरावाने सिद्ध झाली.

परंतु शिपायाच्या जखमेला मान होता. महारोग्याच्या जखमेला तो नव्हता. म्हणून पहिल्या प्रश्नाची खरी कसोटी वरोऱ्याला लागली. हिंगणघाटला जन्मलेले, पेशाने वकील असलेले मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी सहा रुग्णांना बरोबर घेऊन खडकाळ माळावर आनंदवन उभारायला घेतले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे आधी विहीर खणली गेली, मग शेती आली. बोटे झडलेल्या हातांनी पिकवलेली भाजी पाहून वरोऱ्याच्या बाजारातले लोक सुरुवातीला कचरत. भाजीत दोष नव्हता, दोष गिऱ्हाइकाच्या मनात होता. पुढे याच रुग्णांच्या श्रमावर वाढलेल्या आवारात महाविद्यालय निघाले आणि आसपासची धडधाकट मुले तेथे शिकायला येऊ लागली. काल ज्यांच्या हातची भाजी नको होती, त्यांच्याच दारी गावाने आपली मुले पाठविली. काम जमेल काय, या प्रश्नाला याहून चोख उत्तर मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न गिरणीच्या फाटकाशी उभा राहिला. आश्रमात काम करणे निराळे आणि चार निरोगी कामगारांच्या शेजारी उभे राहून पगार घेणे निराळे. येथे एका क्रिकेटपटूचे नाव आदराने घेतले पाहिजे. विजय मर्चंट यांची फलंदाजी वाचकांना ठाऊक आहे; प्रथम श्रेणीच्या क्रिकेटात त्यांची सरासरी ७१ च्या वर होती आणि त्या बाबतीत ब्रॅडमनखेरीज दुसरे मोठे नाव त्यांच्यापुढे नव्हते. पण ते गिरणीमालकही होते. आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना नोकऱ्या दिल्या आणि इतर कारखानदारांनीही द्याव्यात म्हणून आपल्या लौकिकाचे वजन खर्ची घातले. त्याच सुमारास, १९५२ साली, मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना स्थापन झाली. १९५९ मध्ये अपंगांसाठी देशातील पहिले खास सेवायोजन कार्यालय मुंबईतच उघडले. एरवीच्या नोंदणी कार्यालयात अपंगाचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जाई. या कार्यालयात माणसाला काय करता येत नाही यापेक्षा काय करता येते, हे आधी लिहून घ्यायचे होते.

या मार्गावर पुढे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी मोठी मजल मारली. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडले, तरी त्या केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करू लागल्या आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी घराघरांत पोहोचले. त्यांच्या संस्थेने वसतिगृह व शाळा तर चालविलीच, शिवाय सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग उभारला. ज्याला कुणी काम देत नाही त्याने काम देणारे व्हावे, हा त्यातील विचार होता.

तरीही या सगळ्यात एक उणीव राहून गेली होती. मर्चंटांसारखा मालक भेटला तर काम. न भेटला तर देवळाची पायरी आहेच! दात्याची सज्जनता कितीही मोठी असली तरी ती कायद्याची जागा घेऊ शकत नाही. खानदेशच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, तेव्हा त्यांचे मागणे एखाद्या दयाळू बडव्याने कुणाला मागच्या दाराने आत घ्यावे असे नव्हते. महाद्वार सर्वांना उघडावे, हे मागणे होते. कचेरीच्या दाराविषयी अपंगांनीही हेच म्हणायला सुरुवात केली आणि तिसरा प्रश्न ऐरणीवर आला.

केंद्र सरकारने १९७७ साली अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या, पण त्या क आणि ड वर्गांतल्या. कारकून व्हा, शिपाई व्हा. साहेबाच्या खुर्चीकडे मात्र पाहू नका, असा त्याचा अर्थ होत होता. अंधांची स्वतःची संघटना असलेल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने हा अर्थ मान्य केला नाही. तिचे नेते संतोषकुमार रुंगटा हे स्वतः अंध आणि पेशाने वकील. या संघटनेच्या अर्जावर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की सनदी सेवांच्या परीक्षेला अंधांना बसता आले पाहिजे, आणि उत्तरे ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने लिहिता आली पाहिजेत. लेखनिक म्हणजे उमेदवार सांगेल ते उत्तरपत्रिकेत उतरविणारा माणूस. डोके उमेदवाराचे, हात दुसऱ्याचा. एवढ्या साध्या सोयीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले!

त्याच वर्षांत दिल्लीत जावेद आबिदी यांचे नाव पुढे येऊ लागले. अलीगडला जन्मलेले आबिदी चाकाच्या खुर्चीवर वावरत. अमेरिकेत वृत्तविद्या शिकून ते परत आले होते. त्यांनी निरनिराळ्या प्रकारच्या अपंगांना एका झेंड्याखाली आणले. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेवर मोर्चा गेला आणि त्याच महिन्यात अपंग व्यक्ती अधिनियम संमत झाला. तीन टक्के राखीव जागांना आता कायद्याचा आधार मिळाला. १९९६ साली आबिदींच्या नेतृत्वाखाली अपंगांच्या रोजगारासाठी झटणारे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत उभे राहिले, आणि २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते झगडत राहिले.

पण कायदा होणे आणि जागा भरणे यांत पुष्कळ अंतर असते. हे तीन टक्के मोजायचे कशावर, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०१३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्व वर्गांत, संवर्गातील एकूण रिक्त पदांवर हे प्रमाण धरावे. २०१६ च्या नव्या कायद्याने तीनाचे चार टक्के केले आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस झाले. महाराष्ट्रात अचलपूरचे त्या वेळचे आमदार बच्चू कडू यांनी आंदोलनांमागून आंदोलने करून हा विषय मंत्रालयाच्या दारात नेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. आज सरकारदरबारी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. शब्द बदलला हे ठीक. पगाराच्या पत्रकावर नाव येते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

येथे चौथा प्रश्न येतो आणि आपण जळगावला पोहोचतो. राखीव जागा निघाली, जाहिरात लागली. पण अंध मुलगा परीक्षेची तयारी कशावरून करणार? छापील पुस्तक त्याला वाचता येत नाही. मराठीसाठी भारती ब्रेल १९५१ पासून आहे खरी, परंतु ब्रेल पुस्तक जाडजूड होते, महाग पडते आणि चालू घडामोडींच्या मागे राहते. खेड्यातल्या पांगळ्या मुलीला शिकवणीच्या वर्गाचा जिनाच चढता येत नाही. बहिऱ्या मुलाला मास्तरांचे व्याख्यान पोहोचत नाही. कायद्याने दार उघडले, पण दारापर्यंतचा रस्ता तयार नव्हता.

हा रस्ता बांधण्याचे काम जळगावच्या यजुर्वेंद्र महाजन यांनी दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पातून हाती घेतले. अपंग आणि अनाथ मुलामुलींनी एकत्र राहावे, स्पर्धापरीक्षांची तयारी करावी आणि निवास, भोजन, शिक्षण यांचा भार त्यांच्या घरावर पडू नये, अशी ही योजना आहे. आज संगणक मजकूर वाचून दाखवितो. पुस्तक ध्वनिमुद्रित करता येते. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. परंतु ही साधने हाताळायला कुणी तरी शिकवावे लागते, आणि लेखनिकाला आपले उत्तर नेमके सांगण्याचाही सराव लागतो. जळगावचे वैशिष्ट्य हे, की येथे कुणाला नोकरी दिली जात नाही. नोकरी जिंकण्याइतके तयार केले जाते. मुंबई-पुण्यापासून दूर, कापूस आणि केळीच्या मुलखात हे काम उभे राहिले, याचे मोल मोठे आहे.

मात्र तयारी झाली म्हणजे सारे झाले, असेही नाही. खानदेशात भुसावळमुळे रेल्वेच्या नोकरीचे अप्रूप घरोघरी आहे. त्या रेल्वेचीच एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. वर उल्लेखिलेल्या दादरच्या अंधशाळेतच त्या शिकल्या. २०१५ ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा त्या ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि रेल्वेची लेखासेवा त्यांच्या वाट्याला आली. पण पूर्ण अंधत्वाच्या सबबीवर रेल्वेने त्यांना घेण्याचे नाकारले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि १२४ वा क्रमांक मिळविला. भारतीय प्रशासन सेवेत जाऊन २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे घेतली. १९०० सालच्या दुष्काळातून निघालेल्या शाळेची मुलगी एका शहराचा कारभार पाहू लागली. पण त्याबरोबर हेही दिसले, की वरोऱ्याच्या बाजारातले ते कचरणारे गिऱ्हाईक अजून पुरते गेलेले नाही. ते आता कार्यालयात बसते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशातील या माणसांपैकी शंभरात सुमारे ३६ जण काम करणारे. पुरुषांत हे प्रमाण ४७, तर स्त्रियांत अवघे २३ होते. सरकारी जागा कितीही भरल्या तरी एवढ्या हातांना त्या पुरणार नाहीत. २०१६ च्या कायद्याने खाजगी मालकांना उत्तेजन देऊन त्यांच्याकडील कामगारांत किमान पाच टक्के अपंग असावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे; पण ते उत्तेजन आहे, सक्ती नव्हे. म्हणजे खाजगी क्षेत्रात आपण अजून दुसऱ्याच प्रश्नापाशी, मर्चंटांच्या काळातल्या फाटकापाशी उभे आहोत.

म्हणून या चार प्रश्नांपैकी कोणताही कायमचा सुटला, असे मानता येत नाही. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कारखान्यात ते नव्याने विचारले जातात. खानदेशात जिनिंगचे कारखाने आहेत, पतपेढ्या आहेत, शाळा आहेत, बाजारसमित्या आहेत. ज्यांच्या हाती यांतील एखादी नेमणूक आहे, त्यांच्यापुढे उद्या जळगावच्या त्या वर्गातून तयार होऊन एखादा मुलगा अर्ज घेऊन येईल. त्याला सहानुभूती नको असेल. त्याला काम सांगावे, काम चोख मागावे आणि महिनाअखेर इतरांइतकाच पगार मोजून द्यावा. गावगाड्याने जे त्याच्याकडून कधी मागितले नाही, ते मागणे हाच त्याचा खरा सन्मान आहे.