एप्रिलच्या पानावरचे चाळीस

2025 ची रामनवमी रविवारी आली होती, 6 एप्रिलला. दुपारी बाराला देवळात पाळणा हलला, सुंठवडा वाटून झाला आणि चारच्या ठोक्याला तात्यामामा ओटीवर माझा मोबाइल घेऊन बसला. दुसरा मोबाइल माझ्या मुलाच्या हातात. भिंतीवरचं कालनिर्णय मामाने खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं होतं. एप्रिलच्या पानावर मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं: चर्चिल 39, गोकुलम 37, काशी 36, काश्मीर 36. आय-लीग फुटबॉलच्या शेवटच्या दिवशी चार संघांना आशा होती आणि वर, इंडियन सुपर लीगमध्ये, एकालाच जागा होती.

चौऱ्याऐंशी वर्षांचा मामा जन्मभर गोव्याच्या डेंपो संघाचा. त्या दिवशी डेंपोला वर चढायचं नव्हतं की खाली पडायचं नव्हतं. पण कोळीकोडला त्यांची मॅच गोकुलमशी होती आणि तिकडे श्रीनगरात चर्चिल काश्मीरशी खेळत होतं. गोव्याच्याच ज्या चर्चिलला मामाने कधी टाळी दिली नाही, त्याच्यासाठी आज त्याचा जीव वरखाली होत होता. ‘‘गोंयचो संघ वर जाऊक व्हयो गो,’’ एवढंच तो म्हणाला.

मालवणच्या माणसाने गोव्याच्या फुटबॉलसाठी एवढं का झुरावं, हे मला लहानपणी कळत नसे. आमच्याकडे क्रिकेट. फुटबॉल फक्त ओहोटीला, दांडीच्या घट्ट ओल्या वाळूत, दोन वल्ही रोवून त्यांचा गोल करायचा. भरती आली की मॅच संपली. पण मामाच्या आजोबांपासून सगळ्यांचे पाय गोव्याकडे वळलेले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी मासळी घेऊन जायची. तिथून शिवोली अशी किती लांब? त्या शिवोलीत 1883 मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीने गोव्यात पहिल्यांदा फुटबॉल आणला असं सांगतात. आजोबा ते साल सांगत नसत. ते सांगत, चर्चच्या पुढ्यात झगे वर खोचून धावणारे पाद्री बघितले की बाजारातला माणूस टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभा राही.

मग आगबोटीचे दिवस. मुंबईहून पणजीला जाणारी बोट मालवणला धक्क्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. परतीच्या बोटीवरून पणजीचा माणूस उतरला की पोरं आधी विचारत, ‘‘जिंकलो कोण?’’ मामा त्या पोरांतला.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी मामा खनिजाच्या बार्जवर लागला, खलाशी म्हणून. पुढे तांडेल झाला. उसगावकडून भरलेली बार्ज मांडवीतून मुरगावला न्यायची. पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत काढायची. त्या कालव्यात मगरी. पण मामाच्या गोष्टीत मगरी कमी आणि फुटबॉल जास्त. ज्या घराण्यांच्या खाणी, त्याच घराण्यांचे संघ: साळगावकर, डेंपो. बार्जवरचे गोंयकार, मालवणी आणि कारवारी खलाशी रविवारी एकाच फळीवर बसून वास्कोच्या टिळक मैदानावर ओरडायचे. कोणी कुठला हे ओरडण्यातून ओळखू येई, मामा म्हणतो.

त्याची लाडकी गोष्ट मात्र साळगावकरच्या माणसाची. ब्रह्मानंद शंखवाळकर. 1983-84 च्या संतोष ट्रॉफीत गोवा जिंकला तेव्हा सबंध स्पर्धेत त्याच्या गोलात एकदाही चेंडू गेला नाही. 576 मिनिटं. हा आकडा मामाला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ आहे. ‘‘भिंत गो ती, भिंत. चेंडू इलो की थयच थांबता.’’ आम्ही खळ्यात बसलेले असायचो, रेडिओवर पणजी केंद्र लावलेलं असायचं आणि मामा दोन्ही तळवे पुढे करून तो चेंडू अडवून दाखवायचा. तांडेलाचे तळवे ते, दोरखंडाने घासून चकचकीत झालेले. तेव्हापासून गोलकीपर म्हटला की मला ते तळवे दिसतात.

दुसरी एक गोष्ट तो सांगत नाही, विचारली तरच बोलतो. 5 डिसेंबर 2004, बंगळूरू, फेडरेशन कपची अंतिम लढत. डेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानवर दोन गोल मारले, दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो त्यातच गेला. डेंपोने त्याचा दहा नंबरचा शर्ट पुन्हा कोणाला दिला नाही. त्याच मोसमात ते राष्ट्रीय लीगही जिंकले. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं या संघाने.

आणि मग 2015 ला डेंपो आय-लीगमधून खाली घसरला. मामा तेव्हा चार दिवस जेवणात लक्ष देत नव्हता. वर्षभराने, 2016 मध्ये, ते दुसऱ्या डिव्हिजनचे विजेते होऊन वर यायचा हक्क मिळवून बसले. मामाने नारळ फोडला. पण त्याच वर्षी फुटबॉल महासंघाने सुपर लीगला देशाची पहिली लीग करायचा आराखडा मांडला, आणि त्या लीगमध्ये ना चढण होती ना घसरण. निषेध म्हणून गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, डेंपोही पडला. मैदानात घाम गाळून मिळवलेली जागा रिकामीच राहिली. त्यांचा निषेध मला पटतो. तरी घाम गाळणाऱ्या त्या पोरांचं काय, हा प्रश्न मामाने विचारला तो अजून माझ्याजवळ आहे. डेंपोला परत वर यायला 2024 उजाडलं.

तर ती रामनवमी. कोळीकोडला गोकुलमच्या थाबिसो ब्राऊनने तीन गोल मारले. मामा मान खाली घालून बसला. मग डेंपो पुढे सरकत गेला आणि शेवटी 4-3! ‘‘मारल्यान गो, मारल्यान!’’ मामी चहाचे कप घेऊन दारातच थबकली. श्रीनगरात 1-1. काशीने आपली मॅच जिंकली, 39. चर्चिल 40. मामाने पेन्सिलीला थुंकी लावून जाडजूड चाळीस लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

खरं तर तेव्हाच एक वाद लटकलेला होता. जानेवारीत नामधारी संघाने काशीला हरवलं होतं, पण नामधारीने नियमात न बसणारा खेळाडू उतरवला अशी तक्रार होती. एका समितीने काशीला गुण दिले, दुसरीने काढून घेतले. चर्चिलच्या हाती करंडकही आला. मग 18 जुलैला स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने विजेतेपद काशीला दिलं. नियम मोडला असेल तर गुण द्यायलाच हवेत, यात मला शंका नाही. पण जानेवारीची मॅच जुलैपर्यंत कोणी खेळत ठेवली? वर चढायची आस लावून बसलेल्यांना तीन महिने असं टांगून ठेवू नये.

बातमी मी वाचून दाखवली. बाहेर पाऊस धो धो. मामाने कालनिर्णयाची पानं मागे उलटली, एप्रिलवर आला, काशीच्या 39 शेजारी 42 लिहिलं. चर्चिलचा चाळीस त्याने खोडला नाही. पान परत जुलैवर आणलं, चष्मा काढून पुसला.

‘‘डेंपोची पयली मॅच कधी असा गो?’’