गुंडावरचे नाव : खेड्यातल्या बाईचा वारसा



जमिनीचा वारसा कागदावर सापडतो. बंदोबस्ताचे दप्तर, खसरा, वाटणीपत्रे यांवरून एखाद्या घराण्याच्या चार-पाच पिढ्या सहज लावता येतात. पण त्या पिढ्या बहुधा पुरुषांच्या असतात. त्याच घरातल्या बाईच्या मालकीचे काय होते आणि तिच्या मागे ते कोणाकडे गेले, असे विचारले की दप्तर गप्प बसते. तिगाव, पांढुर्णा, सौसर या आपल्या पट्ट्यात त्याचे उत्तर माळ्यावरच्या पितळेत शोधावे लागते.

स्त्रीधनाची कल्पना जुनी आहे. मनुस्मृतीने त्याचे सहा प्रकार सांगितले : विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि आई, बाप व भाऊ यांच्याकडून आलेले. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ही व्याख्या बरीच रुंद केली. वारसांचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. आईच्या धनावर पहिला हक्क अविवाहित मुलीचा, मग लग्न झालेल्या पण गरिबीत असलेल्या मुलीचा, मग सुस्थितीतल्या मुलीचा. त्यानंतर मुलीच्या मुली, मुलीचे मुलगे, आणि त्यांच्याही मागून स्वतःचा मुलगा. बापाची जमीन मुलाकडे आणि आईचे धन मुलीकडे, असे हे दोन वेगळे ओघ होते.

राजघराण्यात या दुसऱ्या ओघालाही कागद मिळाला. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी लावून दिली. ती पुढे सून अहिल्याबाईंकडे आली आणि तिच्या उत्पन्नातून देशभर घाट व देवळे उभी राहिली. खेड्यातल्या कुणबी किंवा भोयर घरातल्या बाईची खासगी म्हणजे तिचे आंदण : पाण्याचा गुंड, दोन-चार गंज, एक कोपर, ताटे-गडवे, अंगावरचे चांदीचे गोट, आणि ऐपत असेल तर सोन्याची पोत. मातीची उतरंड फुटून जाई, दगडी जाते घराचे म्हणून घरातच राही. हातून हाती जाणारे धन ते पितळेचे.

त्याची नोंद पितळेवरच होई. लग्नाआधी भांड्यांवर ठोकून नाव घालून घेत. देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, कधी गाव आणि साल. एकत्र कुटुंबात साऱ्या सुनांची भांडी एकाच चुलीभोवती फिरत. भाऊ वेगळे निघाले की चूल मोडे, आणि तेव्हा कोणते भांडे कोणीचे हे ते नावच सांगे. वाटणीच्या गलक्यात न लिहिणाऱ्या बाईचा तो एकच लेखी पुरावा होता.

हे धन सुरक्षित मात्र नव्हते. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद या प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, ही सूट याज्ञवल्क्याने दिली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. अशा वेळी बैल आणि जमीन वाचवायची तर आधी सावकाराकडे जाई ते पितळ आणि चांदी. १९०८ च्या दिवाणी संहितेने स्वयंपाकाची आवश्यक भांडी, आणि धर्मरूढीप्रमाणे बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने, जप्तीतून वगळले. पण ही ढाल कोर्टाच्या जप्तीपुरती. घरच्यांनीच गहाण टाकले तर तिचा उपयोग नव्हता.

आता मृत्युपत्राकडे येऊ. १८७० चा हिंदू विल्स कायदा बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता होता. आपल्याकडे हिंदूंचे तोंडी मृत्युपत्र त्यानंतरही कायदेशीर राहिले. अंथरुणाला खिळलेल्या बाईने चार माणसांसमोर ‘गुंड थोरलीचा, गोट धाकटीचे’ म्हटले, तर तो शब्द कायद्यालाही मान्य होता, मात्र कोर्टात तो काटेकोर सिद्ध करावा लागे. १ जानेवारी १९२७ पासून हे बदलले. मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर दोन साक्षीदार हवेत. अंगठा उठवून ते करता येई, पण चार भांड्यांसाठी तालुक्याला कोण जाणार? त्यामुळे डोळ्यांदेखत, हयातीतच हातात देऊन टाकणे, हा जुना मार्गच तिच्यासाठी खात्रीचा उरला.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली आणि बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. हा लाभ मोठा आहे. त्याच कायद्याने आईच्या धनावरचा मुलीचा पहिला मान मात्र संपला. मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि नवरा आता बरोबरीने वारस होतात. मुलीने बापाच्या जमिनीत वाटा मागितला की आजही घरोघरी ‘तिला आंदण दिलेच आहे’ असे ऐकू येते. इतिहास पाहता हे म्हणणे टिकत नाही. आंदण हे वेगळ्या ओघातले धन होते, जमिनीचा मोबदला नव्हे.

स्टीलच्या भांड्यांनी पितळेला चुलीवरून माळ्यावर ढकलले, आणि माळ्यावरून ते आता वजनाने मोडीत जाते. त्याबरोबर नावेही वितळतात. आपल्या घराण्यांच्या वंशावळींत ज्या जागी नुसते ‘पत्नी’ असे लिहिले आहे, तिथले नाव कदाचित याच एका जागी उरलेले असेल. म्हणून एवढीच विनंती : भांडे मोडीत घालण्याआधी ते चिंचेने घासा, वरची अक्षरे वहीत उतरवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा की हा गुंड कोणाच्या माहेराहून आला.