मातला नदीवरील बंदर व पिडिंग्टनचा इशारा

बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या इतिहासात कॅनिंग बंदराचे प्रकरण विशेष अभ्यसनीय आहे. उष्ण सागरपृष्ठावरील बाष्पाने पोसलेले आवर्त उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत किनाऱ्याकडे सरकते. उपसागराचे उत्तर टोक उथळ व नरसाळ्यासारखे निमुळते असल्याने वाऱ्याने लोटलेले पाणी तेथे फार उंच चढते; मोठी प्राणहानी होते ती बहुधा या लाटेमुळेच.

हेन्री पिडिंग्टन याने जहाजांच्या रोजनिशा अभ्यासून या वादळांचे मार्ग रेखाटले आणि सर्पाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ ही संज्ञा १८४८ मध्ये प्रचारात आणली. हुगळी गाळाने भरून येईल या भीतीने मातला नदीवर पर्यायी बंदर उभारण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा हे स्थान वादळी लाटेच्या तोंडी आहे, असे त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी यास लिहून कळविले. त्याची दखल घेतली गेली नाही. १८५८ मध्ये पिडिंग्टन निवर्तला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाची लाट हुगळीत शिरून सुमारे ६०,००० माणसे दगावली. तरीही मातलेवरील योजना सोडण्यात आली नाही. अखेर नोव्हेंबर १८६७ मधील वादळाने कॅनिंग बंदराची वाताहत केली व काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, त्यामागे १८६४ च्या संहाराची स्मृती होती. मात्र मातलेच्या बाबतीत उणीव ज्ञानाची नव्हती. ते मानण्याची राज्यकर्त्यांची तयारी नव्हती, असाच निष्कर्ष या घटनाक्रमावरून निघतो.