ब्लू (१९९३ चित्रपट)

ब्लू हा ब्रिटिश चित्रकार, लेखक व दिग्दर्शक डेरेक जार्मन यांचा १९९३ सालचा आत्मचरित्रपर चित्रपट आहे. ७९ मिनिटांच्या या चित्रपटात पडद्यावर आरंभापासून अखेरपर्यंत केवळ एक गडद, न बदलणारा निळा रंग दिसतो; आजार, दृष्टिनाश व मृत मित्रांच्या आठवणी या साऱ्या आवाजातून व्यक्त होतात. माहितीपट, निबंध आणि काव्य यांच्या सीमेवरील ही कृती आजाराविषयीच्या वैयक्तिक चित्रपटांत महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

जार्मन (१९४२–१९९४) यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान डिसेंबर १९८६ मध्ये झाले. त्या काळी ब्रिटनमध्ये या आजाराभोवती भीती व बदनामी यांचे वलय होते. तरीही त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. पुढे सायटोमेगॅलो या विषाणूमुळे त्यांच्या डोळ्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाली व दृष्टी क्षीण होत गेली.

फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन (१९२८–१९६२) यांच्यावर चित्रपट करण्याचा विचार जार्मन यांच्या मनात अनेक वर्षे होता. क्लाइन यांची एकाच निळ्या रंगाने भरलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. आजार बळावल्यावर या जुन्या कल्पनेला स्वतःच्या अनुभवाची जोड मिळाली.

स्वरूप व आशय

संहिता जार्मन यांची असून तिचे वाचन स्वतः जार्मन, टिल्डा स्विंटन, नायजेल टेरी व जॉन क्वेंटिन यांनी केले आहे. संगीत सायमन फिशर टर्नर यांचे आहे.

निवेदनात रोजनिशीसारख्या नोंदी व काव्यमय परिच्छेद एकमेकांत मिसळतात. रुग्णालयातील प्रतीक्षा, डोळ्यांची तपासणी, शिरेवाटे दिले जाणारे औषध व त्याच्या दुष्परिणामांची लांबलचक यादी हे सारे कोरड्या विनोदाने सांगितले जाते. बॉस्नियातील युद्धाचे उल्लेखही त्यात येतात. आजाराने हिरावून नेलेल्या मित्रांची नावे पुन्हा पुन्हा उच्चारली जातात. अखेरीस समाधीवर निळे फूल ठेवण्याचे शब्दचित्र येते.

शीर्षकालाही अनेक पदर आहेत. इंग्रजीत या शब्दाला खिन्नतेची छटा आहे. चित्रपटात निळा रंग आकाश, समुद्र व अनंत यांचे प्रतीक होतो. काही ठिकाणी तो एखाद्या पात्राप्रमाणेही वावरतो.

प्रतिमेचा त्याग

त्या काळी वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर एड्सच्या रुग्णाचे कृश शरीर वारंवार दाखवले जाई. पाहणाऱ्याच्या मनात त्यातून कणव वा भय उपजे. रुग्ण मात्र इतरांच्या नजरेचा विषय होऊन राही. जार्मन यांनी आपले शरीर पडद्यावर आणलेच नाही. त्यामुळे प्रेक्षकाला रुग्णाकडे बाहेरून पाहता येत नाही. त्याला रुग्णाचे ऐकावे लागते. नजर खिळवण्याजोगे काही नसल्याने घड्याळाची टिकटिक, पावले, भोवतालची कुजबुज हे ध्वनी ठळक होतात, आणि अंध होत चाललेल्या माणसाच्या स्थितीचा काहीसा प्रत्यय येतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकासाठी उपशीर्षके द्यावी लागतात, आणि निळ्या पडद्याची अखंडता त्यामुळे भंग पावते.

प्रदर्शन

जून १९९३ मध्ये व्हेनिस येथील द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात हा चित्रपट प्रथम दाखवण्यात आला. १९ सप्टेंबर १९९३ रोजी ‘चॅनल ४’ या वाहिनीवर तो प्रक्षेपित झाला आणि त्याच वेळी ‘बीबीसी रेडिओ ३’वरून त्याचा ध्वनी ऐकवण्यात आला. चित्रपट आकाशवाणीवरही तितक्याच समर्थपणे पोहोचू शकतो, हे या कृतीचे वेगळेपण होय.

जार्मन यांचे निधन १९ फेब्रुवारी १९९४ रोजी झाले. एचआयव्हीवरील परिणामकारक संयुक्त औषधोपचार त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, उपलब्ध झाले. त्या उपचारांपूर्वीच मरण पावलेल्या पिढीचा आवाज या चित्रपटात जतन झाला आहे.