मोतद्दाराचे काम आणि घोड्याचे आरोग्य

घोड्यांचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे स्वार उभा राहतो. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर हा भेद शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पागेतील लीद उचलणाऱ्या मोतद्दाराची आठवण मात्र क्वचितच निघते. घोड्याच्या पोटातील जंतांचा इतिहास त्याच्यावाचून सांगता येत नाही.

जंतांची अंडी लिदीवाटे बाहेर पडतात. ओल व ऊब मिळाली की अळ्या निघून गवतावर चढतात आणि चरताना पुन्हा पोटात जातात. एका जातीच्या मोठ्या जंताच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत शिरतात. मग पोटशूळ उठून जनावर दगावू शकते. आठवड्यातून दोनदा कुरणातील लीद उचलली की ही साखळी तुटते.

पुढे औषधे आली. १९४० च्या सुमारास फिनोथायझीन आले, १९६१ साली थायाबेंडाझोल. १९६६ साली अमेरिकेतील केंटकीचे संशोधक ड्रज व लायन्स यांनी सर्व घोड्यांना सहा ते आठ आठवड्यांनी औषध द्यावे, असे सुचवले. त्याने तो घातक मोठा जंत हटला, हे उपकार मोठे. परंतु सरसकट औषधाने दाद देणारे लहान जंत मेले, दाद न देणारे उरले आणि त्यांचीच वीण वाढली. १९८० नंतरच्या दशकात आयव्हरमेक्टिन आले. त्याच्या शोधाबद्दल २०१५ साली कॅम्पबेल व ओमुरा यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यालाही न जुमानणारे जंत आता आढळतात.

म्हणून शास्त्र पुन्हा लिदीकडे वळले आहे. चिमूटभर लीद मिठाच्या दाट पाण्यात कालवून वर तरंगणारी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कळपातील थोडेच घोडे बहुतेक अंडी टाकतात. मोठ्या घोड्यांपैकी औषध मुख्यतः त्यांनाच द्यावे. डेन्मार्कने तर १९९९ साली तपासणीवाचून असे औषध देण्यास कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे माथेरानात घोड्यावर पोट भरणारी कुटुंबे आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. यात्रेतून आणलेला घोडा प्रथम वेगळा बांधावा, त्याची लीद तपासावी, मगच तो इतरांत सोडावा. बाभुळगावात जनावर पाळणाऱ्यांनीही एवढे ध्यानी घ्यावे, की लीद उचलणाऱ्याची मजुरी हा औषधाचाच खर्च आहे. औषधाच्या बाटलीचे पैसे आपण रोख मोजतो. त्याची मजुरीही तशीच रोख आणि पुरती मोजली पाहिजे.